‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असं म्हणतंय तरी कोण?

पत्र, थोडक्यात: एक वाचक घरून हिशेबाची कामं करतात. घरात कॉम्प्युटर एकच, विंडोज १० वाला. त्यावर त्यांचं काम चालतं, कॉलेजातल्या मुलाचे गेम्स चालतात आणि सासऱ्यांचं मेल वाचणंही. गेले काही दिवस पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सारखी सूचना येते: ‘५ व्हायरस सापडले. संरक्षण संपले आहे. ताबडतोब नूतनीकरण करा.’ घाबरून त्यांनी दोन फुकटचे अँटीव्हायरस टाकले, तर कॉम्प्युटर आणखीच रेंगाळायला लागला. यजमानांचं म्हणणं, पैसे भरून चांगला अँटीव्हायरस घे. मुलगा म्हणतो, विंडोजसोबत येणारा डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस पुरे, बाकी सगळं थोतांड. मैत्रीण म्हणते, सरळ फॉरमॅट मार, सगळं पुसून विंडोज नव्याने टाक. शेवटी त्यांनी पासवर्ड बदलला आणि मुलगा व सासरे दोघांनाही कॉम्प्युटर बंद केला. मुलगा फुगून बसलाय. सासरे ‘मी कशालाही हात लावलेला नाही’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगताहेत. कामाच्या फायली डी ड्राइव्हवर आहेत, म्हणून निदान त्यांची काळजी नाही, असं त्या लिहितात. ओघात एक वाक्य असंही आहे की अपडेट्स केव्हाच बंद करून ठेवलेत, कारण ऐन कामात कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा. प्रश्न दोन: कोणता अँटीव्हायरस घेऊ? आणि बंदी घातली ते बरोबर केलं ना?

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी ती कोपऱ्यातली सूचना. तिच्यावर क्लिक करू नका, नूतनीकरण तर मुळीच नको. तुम्ही आणि घरातल्या सगळ्यांनीच असं धरून चाललंय की ती सूचना कॉम्प्युटर देतोय. मला तसं वाटत नाही.

सूचना पुन्हा आली की तिचा मजकूर सोडून द्या आणि त्या चौकटीत बारीक अक्षरात कुणाचं नाव आहे ते बघा. तिथे क्रोम किंवा एज असं ब्राउझरचं नाव आणि शेजारी एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता दिसला, तर ती सूचना त्या वेबसाइटची. वेबसाइटला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे हे दिसतही नसतं. होतं असं की कधीतरी कुणीतरी एखादं पान उघडतं, त्यावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं लिहिलेलं असतं, आणि माणूस अलाऊ दाबतो. ती परवानगी असते त्या साइटला वाटेल तेव्हा पडद्यावर सूचना टाकण्याची. पुढे ब्राउझर साधा चालू असला तरी ती टपकत राहते. आकडाही ठरलेला. ५ व्हायरस काल, ५ आज, ५ उद्या. खऱ्या तपासणीत असं होत नाही.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ किंवा ‘साइट परमिशन्स’ शोधा, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि परवानगी दिलेल्या साइट्सच्या यादीतून ओळखीची नसलेली प्रत्येक काढून टाका. कॉम्प्युटर स्वतः काय म्हणतोय हे हवं असेल, तर कुठल्याही सूचनेवरून तिकडे जाऊ नका. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करा आणि आपल्या हाताने उघडा. याच जातीचा मोठा भाऊ म्हणजे अख्खा पडदा व्यापून, कर्कश आवाज करत ‘या नंबरवर फोन करा’ सांगणारं पान. मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगून ठेवलंय की त्यांच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तिथून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ विचारलं, तर नाही म्हणायचं.

आता रेंगाळण्याचं. कॉम्प्युटर स्लो झाला म्हणजे व्हायरस, हा समज जुना आहे आणि तो सोडलेला बरा. आजचे पासवर्डचोर प्रोग्राम मुकाट येतात, हवं ते उचलतात आणि बऱ्याचदा मागे काही ठेवतही नाहीत. तुमचा कॉम्प्युटर स्लो व्हायला तुम्हीच टाकलेले दोन अँटीव्हायरस पुरेसे आहेत. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही ती तपासतात, शिवाय एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासतो. एकाच फाटकावर दोन पहारेकरी ठेवावेत आणि त्यांनी एकमेकांचीच झडती घेत बसावं, तसं. आणि बाहेरचा अँटीव्हायरस टाकला की विंडोजमधला डिफेंडर आपणहून बाजूला होतो. तेव्हा दोन्ही काढून टाका, रीस्टार्ट करा, विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा आणि डिफेंडर पुन्हा कामाला लागलाय ना, ते बघा.

लागलीच एक काम करून घ्या. तिथेच ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन असतो. चालू काम सेव्ह करून तो लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होईल आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होईल, त्यामुळे विंडोज चालू असताना लपून बसणाऱ्यांना लपायला जागा उरत नाही. पाव तासाचं काम. नंतर ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये निकाल दिसतो. त्यात काय निघतं यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

म्हणजे मुलगा बरोबर म्हणतोय? निम्मं. डिफेंडर फुकट आहे म्हणून दुय्यम, असं समजायचं कारण नाही. एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र प्रयोगशाळा वेगवेगळ्या अँटीव्हायरसची नियमित परीक्षा घेतात, आणि गेली काही वर्षं डिफेंडर तिथे चांगल्या रांगेत बसतो. पैसे भरून घेतलेल्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा जास्तीच्या सोयी मिळतात. त्यांतली एखादी तुम्हाला खरंच हवी असेल तर जरूर घ्या, पण एकच घ्या आणि बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. यजमानांना एवढंच सांगा की पैसे भरल्याने गुन्हा होणार नाही, पण प्रश्नही सुटणार नाही.

मुलाचं उरलेलं निम्मं चुकतं ते इथे. कोणताही अँटीव्हायरस, फुकटचा असो की विकतचा, घरच्याच माणसाने ‘हो, चालव’ म्हटलं की हतबल होतो. पैसे न भरता मोठा गेम किंवा महागडं सॉफ्टवेअर चालवायला ‘क्रॅक’ उतरवून घेतात, त्यासोबतच्या सूचना एकदा मुलासोबत बसून वाचा. पहिली ओळ बहुधा हीच असते: ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच व्हायरस असल्याचं दाखवतो.’ लिहिणाऱ्याने आपला हेतू याहून स्पष्ट शब्दांत सांगायला हवा होता का? आणखी एक युक्ती २०२४ पासून फार चाललीय. एखादं पान ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणतं आणि पायऱ्या देतं: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पहिल्या पायरीने रन नावाची चौकट उघडते, दुसरीने त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेला हुकूम तिथे चिकटतो आणि एंटर दाबला की तो आपल्याच हाताने चालतो. माणूस असल्याचा पुरावा म्हणून कुठलीही खरी साइट असलं काही मागत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे पडद्यासमोर बसवून दाखवा, शेवटचा एंटर सोडून.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते मात्र मुलाबद्दल किंवा सासऱ्यांबद्दल नाही. ‘अपडेट्स केव्हाच बंद करून ठेवलेत’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, आणि तो निर्णय तुमचा होता. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. लाखो कॉम्प्युटरवरच्या फायली कुलूपबंद झाल्या, ब्रिटनमधल्या रुग्णालयांना ठरलेली कामं रद्द करावी लागली. त्यासाठी कुणी एखादी मेल उघडायची गरज नव्हती. विंडोजमधल्या एका भोकातून तो नेटवर्कवरून एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हाताशी होते. ज्यांनी अपडेट घेतलं, त्यांच्याकडे त्याला त्या भोकातून शिरता आलं नाही.

ऐन कामात रीस्टार्ट होण्याचा त्रास खरा आहे, पण त्यावर अपडेट बंद करणं हा इलाज नव्हे. विंडोज अपडेटच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह आवर्स’ असतात. दिवसातले १८ तासांपर्यंतचे तुमचे कामाचे तास तिथे देता येतात, त्या वेळात कॉम्प्युटर आपणहून रीस्टार्ट होत नाही. अपडेट्स आजच चालू करा. जोडीला दुसरी गोष्ट अशी की विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. पण हा पूल आहे, मुक्कामाची जागा नाही. सेटिंग्जमध्ये तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ घेऊ शकतो का ते तपासा. जुनं यंत्र असेल तर घेणार नाही, त्याला ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. तसं असेल, तर जे पैसे तुम्ही अँटीव्हायरसवर घालणार होतात ते नव्या यंत्रासाठी बाजूला ठेवा. दुसरं यंत्र येणारच असेल, तर ते फक्त कामाचं ठेवा आणि जुनं कुणी कशालाही वापरो, त्यावर तुमच्या कामाची एकही फाइल नको.

आता बंदी. तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही. लोकांचे हिशेब तुमच्याकडे आहेत आणि चिंता रास्त आहे. पण बंदी किती दिवस टिकेल? मुलाच्या एखाद्या असाइनमेंटसाठी, सासऱ्यांच्या एखाद्या महत्त्वाच्या मेलसाठी तुम्ही ‘पाचच मिनिटं हं’ म्हणून पासवर्ड टाकून द्याल, आणि ती पाच मिनिटं तुमच्याच खात्यात, तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी जातील. पत्रावरून वाटतं की घरात सगळे एकाच खात्यात बसतात आणि ते खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे काहीही टाकायची-बदलायची मुभा असलेलं आहे. खरी अडचण ती.

सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन मुलाला आणि सासऱ्यांना वेगळी खाती काढून द्या, प्रकार ‘स्टँडर्ड’. त्यांचा पासवर्ड त्यांचा. मग सगळ्या कॉम्प्युटरसाठी काही इन्स्टॉल करायचं झालं की तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागेल, म्हणजे तुम्हाला बोलवावं लागेल. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं फक्त त्यासाठी ठेवा आणि तुमचं रोजचं कामही स्टँडर्ड खात्यातूनच करा. नियम घरात एकालाच लावला की तो शिक्षा वाटतो. स्टँडर्ड खात्यात काहीच घुसू शकत नाही असं नाही, पण मुलाच्या खात्यात घुसलेल्याला तुमच्या खात्यातले डॉक्युमेंट्स सहजासहजी वाचता येत नाहीत.

आणि इथेच तुमचा डी ड्राइव्ह आडवा येतो. विंडोज प्रत्येकाचं डॉक्युमेंट्सचं फोल्डर इतरांपासून राखून ठेवतं. डी ड्राइव्हवर तुम्ही स्वतः बनवलेल्या फोल्डरला तसं राखण सहसा नसतं, कॉम्प्युटरवर खातं असलेल्या कुणालाही ते उघडता येतं आणि बदलताही येतं. तेव्हा कामाच्या फायली तुमच्या खात्यातल्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा. शिवाय सी आणि डी हे बहुतेक घरगुती कॉम्प्युटरवर एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज बिघडून सी पुसावा लागला तर डी वाचेल हे खरं. डिस्कच गेली किंवा फायली कुलूपबंद करणारा प्रोग्राम आत आला, तर त्याला सी काय आणि डी काय.

थोडक्यात, तुमच्याकडे बॅकअप नाही. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं की काय असं वाटण्याइतकं ते महत्त्वाचं आहे. बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या. आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी ती जोडायची, कामाच्या फायली उतरवायच्या आणि काढून कपाटात ठेवायची. काढून ठेवणं हाच त्यातला जीव आहे, कारण जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रामला उरलेल्या कॉम्प्युटरसारखीच दिसते आणि तो तिच्यावरच्या फायलीही बंद करतो. क्लाउडवर आपोआप जाणाऱ्या प्रतींचंही तसंच, बिघडलेली फाइल बिघडलेल्या रूपातच वर जाते. तिथे जुन्या आवृत्त्या परत मिळण्याची सोय असते, ती तुमच्या सेवेत किती दिवसांपर्यंत आहे ते बघून ठेवा. या धंद्यातले लोक ३-२-१ म्हणतात: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, त्यातली एक प्रत घराबाहेर. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा. उघडली, तरच तो बॅकअप.

सासऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रभर तो आहे. ‘मी कशालाही हात लावलेला नाही’ हे वाक्य पुन्हा वाचा. वयस्क माणूस सूनबाईला असं दोन-दोनदा सांगतो तेव्हा तो घाबरलेला असतो. उद्या त्यांनी खरंच काही दाबलं तर ते तुम्हाला सांगतील का? अशा गोष्टीत पहिल्या तासात कळणं आणि चार दिवसांनी कळणं यात फार अंतर असतं, कारण पहिल्या तासात इंटरनेट तोडता येतं, बँकेला कळवता येतं, पासवर्ड बदलता येतात. म्हणून त्यांना बसवून एवढंच सांगा: ‘बाबा, काही दाबलं गेलं तरी मी रागावणार नाही, फक्त लगेच हाक मारा.’ मग पाळा ते.

आणि हो, त्यांच्या खात्यातही फायलींची पूर्ण नावं दिसू द्या. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करायची. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाची मेल जगभर फिरली, तिच्यासोबतची फाइल लोकांना साधी टेक्स्ट फाइल वाटली, कारण विंडोजने नावाचा शेवटचा तुकडा, .व्हीबीएस, लपवला होता. तो तुकडा सांगत होता की हा चालणारा प्रोग्राम आहे. इतक्या वर्षांनी विंडोज आजही तो मुळात लपवूनच ठेवतं! बिल.पीडीएफ.ईएक्सई नावाची फाइल बिल.पीडीएफ म्हणून समोर येते आणि कुणीही शहाणा माणूस ती उघडेल. वर्ड किंवा एक्सेलची फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगू लागली तर दाबायचं नाही. आणि फोनवरच्या ‘मदतनीसा’ने कॉम्प्युटर दुरून चालवायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्यायचा, अपमान वाटला तर वाटू दे त्याला.

मैत्रिणीचा फॉरमॅटचा सल्ला आत्ता घाईचा आहे, पण एका परिस्थितीत तीच बरोबर ठरेल. ऑफलाइन स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारा किंवा कॉम्प्युटर दुरून चालवणारा ट्रोजन (साळसूद प्रोग्रामच्या वेशात आलेला घुसखोर) निघाला, किंवा मुलाने अँटीव्हायरस बंद करून एखादा क्रॅक चालवला होता असं कळलं, तर ‘साफ झालं’ या शब्दावर विसंबू नका. कामाच्या फायली बाहेर काढा, प्रोग्राम एकही नको, आणि विंडोज नव्याने टाका. पासवर्ड मात्र त्या कॉम्प्युटरवरून बदलू नका. फोनवरून बदला, आधी मेलचा, मग बँकेचा, मग बाकीचे. आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. हे चोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड नेतातच, शिवाय चालू असलेल्या लॉगिनची खूणही नेतात, आणि ती हातात असली की फोनवर येणाऱ्या ओटीपीचाही अडसर उरत नाही.

ज्यांची कामं करता त्यांना कळवायचं का? स्कॅन स्वच्छ निघाला आणि ती सूचना ब्राउझरचीच ठरली, तर कळवण्यासारखं काही घडलेलं नाही. चोर निघाला, तर कळवा, त्याच दिवशी, आणि पाल्हाळ न लावता: माझ्या कॉम्प्युटरवर पासवर्ड चोरणारा प्रोग्राम सापडला, तुमची अमुक कागदपत्रं त्यावर होती, माझ्या नावाने पैसे मागणारी किंवा खाते क्रमांक बदलल्याचं सांगणारी मेल आली तर मला फोन करून खात्री करा, तुमचे जे पासवर्ड माझ्याकडे दिलेले होते ते बदला. दुसऱ्यांचे पासवर्ड तुमच्याकडे लिहिलेले असतील, तर ते एखाद्या एक्सेल फाइलमध्ये आहेत का, हेही आजच बघा.